खत घातलं, तरी दाणा का धरला नाही?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी भागातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा : दीड एकर मका आहे, कणसं विरळ भरलीत, काहींचे शेंडे रिकामे आहेत. विहिरीजवळ मांडवावर दोडका आहे, त्याची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. दोन्हीला युरियाचा एक हप्ता जादा दिला, फरक पडला नाही. भाची एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातला फलनाचा भाग वाचून त्यांना वाटलं, की आपल्या रानातला घोळ इथंच कुठंतरी असावा. म्हणून त्यांनी विचारलंय : फलन म्हणजे नेमकं काय, आणि खताचा त्याच्याशी संबंध किती?

तुमचा संशय बरोबर जागी गेलाय. दाणा धरणं आणि दाणा भरणं ही दोन निराळी कामं आहेत. धरण्याचं काम परागकण आणि बीजांड (फुलातला पुढं बी होणारा कण) यांच्यात होतं, तेही थोड्या तासांत. भरण्याचं काम पुढं कित्येक दिवस चालतं, आणि तिथं खत, पाणी, ऊन सगळं लागतं. जो दाणा धरलाच नाही त्याला कितीही युरिया दिला तरी तो भरणार नाही. आपल्याकडं उलट होतं. कुठलंही पीक कमी धरलं की पहिला हात युरियाच्या गोणीकडं जातो, कारण 45 किलोची गोणी सरकारी दरानं 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि एवढं स्वस्त औषध दुकानात दुसरं नसतं. मला या सवयीचं खरंच वाईट वाटतं. पैसा जातो तो जातोच, पण खरं कारण शोधायचे दिवसही निघून जातात.

आधी फलन. परागकण फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर पडला की त्याला परागीभवन म्हणतात. इथवर फलन झालेलं नसतं. कुक्षीवर परागकण ओलावा घेऊन फुगतो, त्यातून एक बारीक नळी फुटते आणि ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांडीतून वाट काढत खाली अंडाशयातल्या बीजांडापर्यंत जाते. या परागनलिकेतून दोन नर युग्मकं, म्हणजे नराच्या बीजपेशी येतात. एक अंडपेशीशी एकरूप होतं, त्यातून युग्मनज आणि पुढं भ्रूण, म्हणजे उद्याचं रोप. दुसरं बीजांडाच्या मध्यपेशीतल्या दोन केंद्रकांशी मिळतं, त्यातून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे त्या रोपाची शिदोरी. हे दुहेरी फलन सपुष्प वनस्पतींचं खास वैशिष्ट्य आहे. 1898 मध्ये सर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञानं ते लिलीच्या कुळातल्या फुलांत पहिल्यांदा दाखवलं. आपण भात, ज्वारी, गहू, मका म्हणून जे खातो त्यातला बहुतेक भाग हा भ्रूणपोषच. नारळाचं पाणी आणि खोबरंही तेच.

भाचीला मक्याचे आकडे द्या, परीक्षेत उपयोगी पडतील. मक्याच्या पेशीत 20 गुणसूत्रं. नर युग्मकात 10, अंडपेशीत 10, म्हणून युग्मनजात परत 20. मध्यपेशीत 10-10 ची दोन केंद्रकं असतात, त्यात नराची 10 मिळून भ्रूणपोषात 30. म्हणजे दाण्यातला पिठाळ भाग दोन वाटे आईचा आणि एक वाटा बापाचा असतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका एकाच वेळी फुलोऱ्यात येऊ द्या. पांढऱ्याच्या कणसात त्याच हंगामात पिवळे दाणे दिसतील. प्रत्येक पिवळा दाणा म्हणजे शेजारच्या रानातून आलेल्या परागकणानं झालेलं एक फलन. स्वीट कॉर्न साध्या मक्याला लागून लावलं की त्याची गोडी उतरते, तीही याचमुळं.

दोडका, कारलं, काकडी यांत मात्र बाप फळात दिसत नाही. कारल्याच्या वेलाशेजारी लावल्यामुळं काकडी कडू झाली असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाही. एक तर कारलं आणि काकडी यांचा संकर होतच नाही. दुसरं, आपण खातो ते फळ आईच्या अंडाशयाच्या भिंतीचं बनतं. बापाचा वाटा आतल्या बीत असतो आणि ते बी पेरल्यावर पुढच्या पिढीत दिसतो.

आता तुमचा मका. कणसाला जेवढे केस तेवढी बीजांडं, एका केसाला एक दाणा. कणसावर पाचशेहून जास्त बीजांडं असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र परागकण मिळावा लागतो. परागकण तुऱ्यातून सकाळी दव वाळल्यावर सुटतो, केसावर पडतो, आणि नळी त्या केसाच्या आतून वीतभर प्रवास करून साधारण दिवसभरात बीजांडाला पोचते. उन्हाची काहिली असेल तर हवेतला परागकण फार थोडा वेळ जिवंत राहतो. केस आधी बाहेर येतात ते कणसाच्या बुडाकडचे, शेंड्याचे सगळ्यांत शेवटी. म्हणून तुरा झडत आल्यावर ज्यांचे केस आले ते शेंड्याचे दाणे उपाशी न राहताही रिकामे राहतात, त्यांना परागकणच मिळालेला नसतो. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो पण केस लांबतात, आणि दोघांची गाठ चुकते. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली आणि नेमका तेव्हाच मका फुलोऱ्यात असला की हे होतं. तुमच्याकडं विहीर आहे, तेव्हा एक सांगून ठेवतो : मक्याला एकच पाणी देण्यासारखं असेल तर ते तुरा डोकावण्याच्या वेळेला द्या.

दाणा धरला नाही की धरून सुटला, हे कणीस हातात घेऊन कळतं. केस सुकायच्या आधी, म्हणजे केस बाहेर आल्यानंतर आठवड्याभरात, रानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली काही कणसं तोडा. वरची पानं सुरीनं लांबीला चिरून अलगद उलगडा, केस ओढू नका. मग कणीस उभं धरून हलकं झटका. ज्या बीजांडाचं फलन झालंय त्याचा केस दोन-तीन दिवसांत बुडातून सुटलेला असतो, तो गळून पडतो. ज्याचं झालं नाही त्याचा केस चिकटून राहतो. जिथं केस चिकटलेले, तिथं दाणा येणार नाही. अख्ख्या रानाचा अंदाज दहा मिनिटांत मिळतो, खर्च काही नाही. जे लोक मक्याला चार औषधं मारतात त्यांनाही ही झटका देऊन बघायची रीत माहीत नसते, आणि मी दरवर्षी ती पुन्हा पुन्हा दाखवत फिरतो.

तुमची वेळ टळून गेलीय, केस वाळलेत. तरी आत्ताही ओळखता येतं. रिकामी जागा नीट बघा. तिथं चपटा, न फुगलेला ठिपका असेल तर फलन झालंच नाही. तिथं फुगून मग सुरकुतलेला, पिचका पांढुरका दाणा असेल तर फलन झालं होतं आणि झाडानं तो पोसायचं सोडून दिलं. पहिल्याचं कारण पराग, पाऊस, ऊन, अळी असं शोधावं लागतं. दुसऱ्याचं कारण अन्न : नत्र कमी, पाणी कमी, किंवा केस आल्यावरच्या दोन आठवड्यांत सतत ढगाळ हवा. कणसात मधेमधे विखुरलेली रिकामी जागा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची निघते, शेंड्याची दोन्हीपैकी कुठलीही असू शकते.

अळीचंही बघा. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा 2018 मध्ये कर्नाटकातच सापडली आणि तेव्हापासून आपल्या भागातल्या मक्याच्या मागं लागलीय. पोंग्यात ती दिसते तेव्हा सगळे धावतात, पण तुरा आणि कोवळे केस ती कुरतडते तेव्हा लक्ष जात नाही. केस कुरतडलेलं कणीस परागकण कशावर घेणार? आणखी एक, तुम्ही लिहिलं नाही पण विचारतो : मका दीड एकरात सलग आहे, की इतर पिकात दोन-दोन ओळी सोडून? मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. एकेरी-दुहेरी लांब ओळींत वारा आडवा वाहिला की पराग शेजारच्या सोयाबीनवर पडतो. तेवढ्याच ओळी चौकोनी तुकड्यात लावल्या तर कणसं चांगली भरतात.

दोडक्याची गोष्ट वेगळी. त्यात नर फूल आणि मादी फूल एकाच वेलावर पण निरनिराळी. नर फुलं घोसानं येतात, मादी एकटी, आणि तिच्या देठाशी पहिल्या दिवसापासून इवलासा दोडका असतो. लोक त्यालाच 'फळ धरलं' म्हणतात. ते धरलेलं नसतं, ते फलनाची वाट बघणारं अंडाशय असतं. पराग मिळाला नाही की तीन-चार दिवसांत पिवळं पडून गळतं. परागातले थोडेच कण पोचले तर फळ वाकडं किंवा एका टोकाला बारीक राहतं, कारण जिथं बी धरलं त्याच बाजूची भिंत वाढते.

आणि इथं आपल्या भागातली एक खोड मुळावर येते. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, साधारण पाच ते आठच्या दरम्यान. दुधीचंही दुपारनंतरच. काकडी, कारलं, घोसाळं सकाळी उमलतात. 'मधमाश्या वाचवायच्या असतील तर संध्याकाळी औषध मारा' हा सल्ला काकडीला, कारल्याला योग्य आहे. दोडक्यावर संध्याकाळी कीटकनाशक मारलं तर नेमक्या उघड्या फुलावर आणि त्यावर येणाऱ्या पतंग-माश्यांवर मारल्यासारखं होतं. दोडक्याला मारायचंच असेल तर भर दुपार टाळून, फुलं मिटल्यावर म्हणजे सकाळी उशिरा मारा. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं फुलोऱ्यात नकोतच. ती झाडात भिनतात, परागात आणि मधातही उतरतात.

मांडवाखाली दोन दिवस संध्याकाळी नुसते उभे राहा आणि फुलांवर कोण येतं ते बघा. बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरकडं जंगल आहे, तिथं सातेरी, आग्या, फुलोरी या मधमाश्या अजून बऱ्यापैकी दिसतात. हुक्केरी, चिकोडी, रायबागकडं बारमाही ऊस झाला, बांधावरची झाडं गेली, तिथं माश्यांना वर्षभराचं खाणंच उरलं नाही. ऊस त्यांना काही देत नाही. कुणीच येत नसेल तर हातानं पराग द्या. संध्याकाळी ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागं वळवा, आणि मधला पिवळा पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर सगळीकडून हळू फिरवा. राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे दिलं तरी चालतं. ज्या फुलांना दिलं त्यांच्या देठाला सुतळीचा धागा बांधा. आठवड्यानं धाग्याची फळं आणि बिनधाग्याची फळं शेजारी ठेवून बघा. धाग्याची टिकली तर तुमचं उत्तर मिळालं. धाग्याचीही गळाली तर फळ कापून बघा. आत अळी असेल, सालीवर टोचल्याची खूण असेल, तर ती फळमाशी आहे आणि तिला क्यू-लूरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावावे लागतील.

तुमच्या जादा युरियानं दोडक्याला फायदा तर झाला नाहीच, थोडं नुकसानच झालं असेल. युरियातलं नत्र जास्त झालं की वेलवर्गीय पिकं पाला वाढवतात, आणि नर फुलांच्या मानानं मादी फुलं कमी पडतात. मांडव हिरवागार दिसतो, बाजारात न्यायला काही नसतं.

हे सगळं मी एवढ्या खात्रीनं का सांगतो तेही लिहितो. उमेदीची बरीच वर्षं मी बैलहोंगल-सौंदत्ती पट्ट्यात संकरित कापसाच्या बीजोत्पादनावर होतो. हा पट्टा धारवाडच्या कापूस संशोधनाच्या सावलीतच आहे. वरलक्ष्मी हा 1972 चा संकर आणि नंतरचा डीसीएच-32 ही धारवाडचीच देणगी. बीजोत्पादनात मादी ओळीतल्या उद्या उमलणाऱ्या कळीचे पुंकेसर आज दुपारनंतर नखानं सोलून काढतात, वर कागदाची टोपी घालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्याचा पराग कुक्षीवर लावतात. हे काम बहुतेक बायका करतात आणि त्यांच्याइतकं फुलाचं वेळापत्रक कुणालाच कळत नाही. त्या रानाला खत भरपूर असतं, कारण बियाण्याचं पीक महागाचं. तरीही सोललेली कळी पराग लावायची राहून गेली तर ती चार-पाच दिवसांत हमखास गळते. त्याच फांदीवरची, तेच खत खाल्लेली, पराग लावलेली कळी बोंड होते. सकाळी पराग लावला आणि लगेच पावसाची सर आली की तेही काम वाया, कापसाचा परागकण पाण्यानं फुटतो. अशा दिवशी रान किती कसदार आहे याला काही अर्थ राहत नाही. खत आणि फलन यांच्यातला फरक मला पुस्तकात कळला असता की नाही कोण जाणे, त्या ओळींत फिरताना कळला.

दुसऱ्या टोकाचा पुरावा प्रयोगशाळेतला आहे. 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूची बीजांडं काचनळीत ठेवून त्यांच्यावर थेट पराग टाकला, तिथंच फलन झालं आणि बी तयार झालं. ना माती, ना मूळ. मात्र नळीत पोषक माध्यम होतं, त्याच्याशिवाय ते बी वाढलं नसतं. दोन्ही कामं वेगळी पण एकामागून एक लागणारी, हे यातून स्वच्छ दिसतं.

मग खताचा संबंध अजिबात नाही का? आहे, आणि तो कुठं आहे ते नीट समजून घ्या. फुलोऱ्याच्या आधी झाड सुदृढ नसेल तर परागच कमी आणि कमजोर तयार होतो. स्फुरद, पालाश, जस्त यांची कमतरता तिथं भोवते. पण फलनाच्या क्षणाशी थेट बांधलेलं अन्नद्रव्य म्हणजे बोरॉन. परागकण रुजायला आणि परागनलिका वाढायला बोरॉन लागतं. ते कमी असलं की पराग कुक्षीवर पडूनही नळी अर्ध्यात थांबते. बोरॉन झाडाच्या जुन्या पानांतून फुलाकडं सहज सरकत नाही, म्हणून बहुतेक पिकांत फुलोऱ्याच्या तोंडावर ते मुळाकडून किंवा फवाऱ्यातून मिळावं लागतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या तांबड्या, आम्लधर्मी, धोधो पावसाच्या जमिनीतून ते धुवून जातं. अथणी, सौंदत्तीच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते असूनही पिकाला मिळत नाही. म्हणजे दोन्ही टोकांना तुटवडा, कारणं मात्र उलटी. 20 टक्के बोरॉनची पावडर लिटरला 1 ग्रॅम, फुलं येण्याआधी आणि एखादा फवारा फुलोऱ्याच्या सुरुवातीला, एवढं पुरतं. सूर्यफुलाला बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उघडताना 0.2 टक्के बोरॅक्स फवारतात. ग्रॅम चुकवू नका. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे, पानांच्या कडा जळायला लागल्या की समजा जास्त झालं.

फलन आणि खत यांची सगळ्यांत सुंदर गाठ मला भुईमुगात दिसते. शेंगेचं फूल जमिनीवर फुलतं, स्वतःच्याच परागानं पहाटे फलन होतं, आणि मग फलन झालेल्या अंडाशयाला घेऊन एक आरी खाली वाकते आणि मातीत शिरते. शेंग मातीत भरते. तिला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, मुळानं वर नेलेला तिच्यापर्यंत पोचत नाही; आजूबाजूच्या मातीतून शेंग तो स्वतः शोषून घेते. म्हणून भुईमुगाला जिप्सम पेरणीच्या वेळी मुळाशी घालण्यापेक्षा 30-35 दिवसांनी, आऱ्या सुटताना, झाडाच्या बुडाशी द्यायचं, एकरी 200 किलोच्या आसपास, आणि मातीची भर लावून घ्यायची. मग तिथं कोळपं घालायचं नाही, आऱ्या तुटतात. ज्यांच्या शेंगा दिसायला टपोऱ्या पण आत पोकळ निघतात त्यांच्याकडं फलन व्यवस्थित झालेलं असतं, चुना कमी पडलेला असतो. इथं खत उपयोगाचं, पण खतही नेमकं आणि जागाही नेमकी.

भाताचं खानापूर-बेळगावकरांसाठी थोडं. भाताचं फूल सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास तासाभरासाठी उघडतं आणि स्वतःच्याच परागानं फलन होतं. त्या तासाला पाऊस लागला, किंवा तापमान 35 अंशांपुढं गेलं, की लोंबीत पोचट दाणे वाढतात. पोटरीत असताना कडाक्याची थंडी पडली तर परागच नीट बनत नाही. बेळगाव बासमतीसारख्या उंच, नाजूक जातींना पोचटपणा दिसला म्हणून युरिया फेकला की भात लोळतो आणि मानमोडी येते. मानमोडीनं परत दाणे पोचट. दोन्ही पोचट सारखेच दिसतात, पण मानमोडीत लोंबीच्या मानेशी काळपट डाग असतो, तिथं मोडते.

काही पिकांत आपल्याला फलन नकोच असतं. निपाणीकडचे तंबाखूवाले फुलाचा शेंडा खुडतात आणि बगलेतले फुटवे काढतात, कारण बी धरायला लागलं की पानाचा कस बियात जातो. ऊस, बटाटा, रताळी आपण कांडी, कंद, वेल यांपासून लावतो. तुरा आलेला ऊस तर आपण नुकसान समजतो. तरी उसाची प्रत्येक नवी जात फलनातूनच जन्मते : कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तुऱ्यांचा संकर करून रोपं वाढवतात आणि निवडतात. आपल्या रानातला को 86032 तसाच आलाय. अशा पिकांत पान, कांडी, कंद वाढवायचा असल्यामुळं खताचं उत्तर सरळ मिळतं, आणि मला वाटतं उसाच्या रानात लागलेली ही सवयच मका-माळव्यात चुकीची ठरते. अथणी-तेलसंगकडची बिनबियांची द्राक्षं आणखी निराळी. थॉमसनसारख्या जातीत फलन होतं, पण भ्रूण लवकरच मरतो आणि मणी मात्र वाढतो. केळ्यात तर फलनाशिवायच फळ वाढतं.

जनावरांत तत्त्व तेच, शुक्रपेशी आणि अंडपेशी यांचं मीलन. गाईच्या पेशीत 60 गुणसूत्रं, दोन्हीकडून 30-30. गाय उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, म्हणून पेंड वाढवणारे मला दर महिन्याला भेटतात. खुराक आणि खनिज मिश्रण माज नियमित यायला मदत करतं, पण फलन गर्भनलिकेत ठरावीक तासांतच होतं. गाईचा माज साधारण 12 ते 18 तास टिकतो आणि अंडपेशी माज संपल्यावर सुमारे 10 ते 12 तासांनी सुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका, म्हणजे लक्षणं फारशी न दाखवणारा असतो आणि बहुधा रात्री दिसतो, तेव्हा झोपायच्या आधी एक फेरी गोठ्यात मारा.

आता तुम्ही काय करायचं ते. या मक्याला आणखी युरिया नको, त्याचं काही होणार नाही. जे दाणे धरलेत ते भरून येण्यासाठी पाण्याचा ताण पडू देऊ नका, एवढंच. दोडक्याला युरिया थांबवा, आज संध्याकाळपासून हातानं पराग द्यायला लागा, औषधाची वेळ बदला, आणि बोरॉनचा एक फवारा घ्या.

पुढच्या पेरणीआधी रयत संपर्क केंद्रामार्फत (कृषी खात्याचं स्थानिक केंद्र) किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या, आणि अर्ज देताना सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणीही हवी असं मुद्दाम सांगा, विशेषतः बोरॉन आणि जस्त. नमुना खत घालण्याआधीचा हवा, बांधाजवळचा आणि उकिरड्याजवळचा नको. अहवाल कन्नडमध्ये येतो. वाचायला अडचण आली तर आकड्यांचा रकाना तेवढा पाठवा, मी सांगतो. मक्याला नत्र एकदम देऊ नका : थोडं पेरणीला, थोडं गुडघ्याएवढा झाल्यावर, उरलेलं तुरा डोकावताना, आणि प्रत्येक वेळी मातीत झाकून, कारण ओल्या काळ्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया हवेत उडून जातो. मका चौकोनी तुकड्यात लावा. आणि अहवालात बोरॉन कमी निघालं तरी सगळ्या रानावर फवारू नका. मधल्या चार ओळी न फवारता सोडा. काढणीला दोन्हीकडची दहा-दहा कणसं सोलून दाणे मोजा, म्हणजे त्या पावडरवर पुढच्या वर्षी पैसे घालायचे की नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.